दंतोपचारातला पुरावा : तपासायचा कसा, मानायचा किती

विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९१० साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात एक व्याख्यान दिलं. सोन्याच्या टोप्या आणि ब्रिज यांच्या आड दडलेला पू हा ॲनिमिया, पोटाचे जुनाट विकार, मूत्रपिंडाचे आजार अशा अनेक दुखण्यांच्या मुळाशी असतो, असं त्यांनी ठासून सांगितलं. हा विचार पुढे 'फोकल इन्फेक्शन'चा सिद्धांत म्हणून रुजला आणि ब्रिटन-अमेरिकेत जवळजवळ तीस वर्षं टिकला. सांधे दुखतात, काढा दात. थकवा जात नाही, काढा दात. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन यांनी तर वेड बरं करण्यासाठी रुग्णांचे दात उपटले. अखेर १९३८ साली रसेल सेसिल आणि मरे अँजेव्हाइन यांनी आमवाताच्या २०० रुग्णांचा हिशेब मांडला. दात आणि टॉन्सिल काढून सांध्यांना फायदा झाल्याचं त्यात दिसलं नाही. सेसिल स्वतः आधी याच सिद्धांताचे समर्थक होते. स्वतःच्या रुग्णांचे कागद त्यांनी प्रामाणिकपणे तपासले, म्हणून त्यांना मत बदलता आलं.

त्या काळातले दंतवैद्य अडाणी नव्हते आणि दुष्टही नव्हते. दात काढल्यावर बरे वाटलेले रुग्ण त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. पण सांधेदुखी मुळातच कमी-जास्त होते. माणूस दुखणं टोकाला गेल्यावर डॉक्टरांकडे जातो आणि टोकाला गेलेलं दुखणं पुष्कळदा आपणहून उतरतं. त्या उताराचं श्रेय उपचाराला मिळून जातं. दात न काढलेल्या तशाच रुग्णांचं काय झालं, हा प्रश्न कोणी विचारला नाही, म्हणून हजारो निरोगी दात गेले.

उपचाराच्या नुसत्या आभासाने किती बरं वाटतं, हे १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगाने दाखवलं. जबड्याच्या स्नायूंचं दुखणं असलेल्या २५ जणांचे दात घासून चाव नीट करण्याचं नाटक केलं गेलं, प्रत्यक्षात दातांना धक्का लावला नाही. त्यांपैकी १६ जणांचं दुखणं पूर्णपणे किंवा जवळजवळ गेलं. खरोखर दात घासले असते तर हेच यश आपण घासण्याच्या खात्यावर जमा केलं असतं, आणि घासलेलं इनॅमल मात्र परत आलं नसतं.

दंतवैद्यकात पुराव्याची चिकित्सा इतकी महत्त्वाची का, याचं उत्तर इथे आहे. गोळी बंद करता येते, पण कोरलेला दात पूर्ववत होत नाही. आज भरलेलं छोटं फिलिंग काही वर्षांनी निघतं, मग मोठं भरावं लागतं, मग रूट कॅनॉल, मग कॅप, आणि शेवटी दात काढणं. पहिलं कोरणं गरजेचं होतं का, या प्रश्नावर त्या दाताचं पुढचं सारं आयुष्य अवलंबून असतं. आणि याच प्रश्नावर दंतवैद्यांचं एकमत नसतं. रिचर्ड एल्डरटन यांनी सहकाऱ्यांसह १९८०च्या दशकात स्कॉटलंडमध्ये तेच रुग्ण अनेक दंतवैद्यांकडून तपासून घेतले. किती फिलिंग करायची याबाबत सर्वांत कमी सांगणारा आणि सर्वांत जास्त सांगणारा यांच्यात कित्येक पटींचा फरक निघाला. दात तेच होते, फरक निर्णय घेणाऱ्यांत होता.

पुराव्याची शिडी आणि तिच्या मर्यादा

उपचारांची अशी शिस्तीत झडती घ्यायला हवी, असा आग्रह आर्ची कॉक्रेन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७२ सालच्या आपल्या पुस्तकात धरला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात डेव्हिड सॅकेट, गॉर्डन गयाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या सुमारास त्या आग्रहाला शिकवता येईल असं रूप दिलं. १९९३ साली कॉक्रेन यांच्या नावाने आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली, आणि मुखारोग्यावरचे आढावे करणारा तिचा गट पुढे मँचेस्टरमधून काम करू लागला. सॅकेट यांनी १९९६ साली स्पष्ट केलं की पुराव्यावर आधारलेला उपचार म्हणजे उपलब्ध उत्तम संशोधन, वैद्याचा अनुभव आणि रुग्णाची इच्छा या तिन्हींचा मेळ. एकाच्या बळावर बाकी दोघांना गप्प करणं त्यात बसत नाही.

पुराव्याची एक शिडी विद्यार्थ्यांना पाठ असते. सर्वांत खाली तज्ज्ञाचं मत, त्यावर एकेका रुग्णाच्या नोंदी, त्यावर निरीक्षणात्मक अभ्यास, त्यावर रँडमाइज्ड चाचण्या, म्हणजे कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर सोडून केलेली तुलना, आणि सर्वांत वर अशा चाचण्या एकत्र करणारे पद्धतशीर आढावे. शिडी उपयोगी आहे, पण तिची पायरी मोजली की काम संपलं असं नाही. प्रश्न उपचाराचा असेल तर रँडमाइज्ड चाचणी सर्वांत भरवशाची. पण एक्स-रे कीड किती अचूक दाखवतो, हा निदानाचा प्रश्न वेगळ्या अभ्यासाने सुटतो. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो का, हे पाहायला कोणी माणसांना चिठ्ठीने तंबाखू खायला लावणार नाही. तिथे वर्षानुवर्षं केलेली पाहणी हाच उत्तम पुरावा.

आढाव्याचं वजनही त्यात काय घातलं आहे त्यावर ठरतं. दहा कच्च्या चाचण्यांची बेरीज केली तर उत्तरही कच्चंच येतं, फक्त ते अधिक आत्मविश्वासाने छापलं जातं. म्हणून आता 'ग्रेड' नावाच्या पद्धतीने प्रत्येक निष्कर्षाला खात्रीचा दर्जा दिला जातो : उच्च, मध्यम, कमी, अत्यंत कमी. आढावा वाचताना निष्कर्षाच्या वाक्याइतकंच हे शब्द वाचायला हवेत.

आणि छापलं गेलं म्हणजे खरं, असंही नाही. ऑस्लोचे संशोधक यॉन सुडबो यांचा तोंडाच्या कर्करोगावरचा एक अभ्यास २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यातले ९०८ लोक काल्पनिक निघाले, त्यांतल्या २५० जणांची जन्मतारीख एकच होती. २००६ साली तो लेख मागे घेण्यात आला. नामांकित नियतकालिकाचा शिक्का वाचकाच्या डोळ्यांची जागा घेऊ शकत नाही, हे त्या प्रकरणाने सगळ्यांना शिकवलं.

तोंडातल्या संशोधनाच्या खास अडचणी

दंतवैद्यकाला एक सोय आहे जी हृदयरोगतज्ज्ञाला नाही. एकाच माणसाच्या तोंडाच्या उजव्या बाजूला एक उपचार आणि डाव्या बाजूला दुसरा करून पाहता येतो. आहार, ब्रश करण्याची सवय, लाळ, वय सगळं आपोआप सारखं होतं, म्हणून कमी रुग्णांत उत्तर मिळतं. पण तोंडाच्या दोन बाजूंमध्ये भिंत नसते. उजवीकडे लावलेलं फ्लोराइड किंवा क्लोरहेक्सिडिनसारखं जंतुनाशक लाळेबरोबर डावीकडे जातं आणि दोन्ही बाजू थोड्या थोड्या सुधारतात. मग फरक असूनही दिसत नाही. अशी चाचणी वाचताना पहिला प्रश्न हाच : हा उपचार लावला तिथेच राहतो का?

दुसरी अडचण मोजणीची. एका अभ्यासात ३० रुग्ण आणि प्रत्येकाचे २० दात असले, तर लेखात ६०० दातांचं कोष्टक येतं आणि आकडा भारदस्त वाटतो. पण एकाच तोंडातले दात एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. ज्याच्या एका दाताची हिरडी सुजते, त्याच्या दुसऱ्याचीही सुजण्याचा संभव जास्त. हे लक्षात न घेता हिशेब केला तर योगायोगाचा फरकही खरा भासतो. माणसं किती होती, हे आधी पाहावं, दात किती होते ते नंतर.

तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे काय मोजलं. रुग्णाला काय हवं असतं? दुखू नये, नीट खाता यावं, दात टिकावा, खर्च परवडावा. संशोधनात मात्र बहुतेकदा मोजली जाते प्लाकची, म्हणजे दातांवर साचणाऱ्या जंतूंच्या थराची जाडी, हिरडीच्या खाचेची मिलिमीटरमधली खोली, किंवा एक्स-रेवरची सावली. विजेवर चालणाऱ्या टूथब्रशचं उदाहरण घेऊ. २०१४च्या कॉक्रेन आढाव्यात ५६ चाचण्या होत्या. साध्या ब्रशपेक्षा विजेच्या ब्रशने तीन महिन्यांनंतर प्लाक २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी झाली. निष्कर्ष पक्का आहे. पण म्हणून दात जास्त वर्षं टिकतील का, हे त्या चाचण्यांनी मोजलंच नव्हतं. जाहिरात पहिल्या वाक्यावर थांबते, चिकित्सक वाचकाने दुसऱ्यापर्यंत जायला हवं.

शिवाय काळ. फिलिंग दहा-पंधरा वर्षं टिकावं अशी अपेक्षा असते आणि चाचण्या बहुधा वर्ष-दोन वर्षांत संपतात. उपचार करणाऱ्या दंतवैद्यापासून तो कोणता उपचार करतो आहे हे लपवता येत नाही, पण निकाल तपासणारा वेगळा माणूस ठेवून त्याला ते कळू न देणं शक्य असतं. ज्या अभ्यासात तेवढंही केलेलं नाही, त्याच्या आकड्यांना त्याच मानाने कमी वजन द्यावं.

संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं नाही

स्टीव्हन ऑफेनबाकर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवलं की हिरड्यांचा तीव्र रोग असलेल्या मातांमध्ये अकाली, कमी वजनाची बाळं होण्याचं प्रमाण कित्येक पटींनी जास्त आहे. जैविक स्पष्टीकरणही जुळत होतं : हिरडीतली सूज रक्तात रसायनं सोडते आणि ती गर्भाशयापर्यंत पोहोचतात. चिलीमधल्या एका सुरुवातीच्या चाचणीत हिरड्यांच्या उपचाराने मोठा फायदाही दिसला. गर्भवतीच्या हिरड्या साफ केल्या की अकाली प्रसूती टळेल, ही आशा जगभर पसरली.

मग मोठ्या चाचण्या आल्या. २००६ साली अमेरिकेतल्या ८२३ गर्भवतींच्या चाचणीचा निकाल लागला. अर्ध्या स्त्रियांवर गरोदरपणातच उपचार केले, अर्ध्यांवर प्रसूतीनंतर. उपचार झालेल्या गटात हिरड्या सुधारल्या, पण अकाली प्रसूतीचं प्रमाण एका गटात १२.० टक्के आणि दुसऱ्यात १२.८ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखंच राहिलं. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या आणखी एका मोठ्या चाचणीतही फायदा दिसला नाही. गरिबी, धूम्रपान, कुपोषण यांसारखी कारणं हिरड्याही बिघडवतात आणि प्रसूतीही, त्यामुळे दोन गोष्टी एकत्र दिसत असाव्यात, हा एक संभव. गर्भ राहिल्यावर उपचार करायला उशीर झालेला असतो, हा दुसरा. काहीही असलं तरी २००६च्या त्या चाचणीतून एक उपयोगी उत्तर मिळालंच : गरोदरपणात हिरड्यांचा उपचार सुरक्षित आहे आणि तो हिरड्यांच्या भल्यासाठी करावा. बाळाच्या नावाने भीती घालून करू नये.

मधुमेहाची कहाणी उलट दिशेने गेली. हिरड्यांवर उपचार केल्याने साखर सुधारते का? २०१३ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ५१४ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत सहा महिन्यांनंतर काहीच फरक नव्हता. अनेकांनी विषय संपला असं मानलं. पण चिकित्सकांनी आतले आकडे पाहिले, तेव्हा उपचारानंतरही त्या रुग्णांच्या दातांवर प्लाक आणि हिरड्यांना सूज भरपूर शिल्लक असल्याचं दिसलं. जो उपचार हिरड्याच पुरत्या बऱ्या करत नाही, त्याने साखर उतरावी ही अपेक्षा कशी धरायची? पुढे अधिक चाचण्या जमल्या. २०२२च्या कॉक्रेन आढाव्यात ३५ अभ्यास आणि तीन हजारांहून अधिक रुग्ण होते, आणि तीन-चार महिन्यांनंतर एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचं माप, सरासरी ०.४३ टक्क्यांनी उतरल्याचं मध्यम खात्रीने म्हणता आलं. मधुमेह घरोघरी पोहोचलेल्या आपल्या राज्यात याचा अर्थ सरळ आहे : मधुमेहाच्या डॉक्टरांनी हिरड्यांची चौकशी करावी आणि दंतवैद्यांनी साखरेची.

दोन्ही प्रश्न सुरुवातीला सारखे दिसत होते. दोन्हींत संबंध होता, स्पष्टीकरण होतं, उत्साह होता. उत्तरं मात्र वेगळी आली. म्हणून 'तोंडाचा शरीराशी संबंध आहे' हे सर्वसाधारण वाक्य कोणत्याही एका उपचाराचा पुरावा होऊ शकत नाही. प्रत्येक दाव्याला स्वतंत्र चाचणी द्यावी लागते.

सवयीचे उपचार तपासणीत

दाढ ठणकते म्हणून औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक घेणं, किंवा दवाखान्यात पाच दिवसांचा कोर्स लिहून देणं, ही आपल्याकडची रोजची गोष्ट आहे. दाताच्या आतला गर सुजून असह्य कळ येते, तेव्हा तिथे मुख्यतः दाह असतो. बंद पोकळीत कोंडलेल्या त्या दाहावर इलाज म्हणजे गर काढणं किंवा दात काढणं. पेनिसिलिनने ही कळ कमी होते का, यावर कॉक्रेन आढाव्याला फक्त एक चाचणी सापडली, ४० रुग्णांची, आणि तिच्यात फायदा दिसला नाही. पुरावा तुटपुंजा आहे हे खरं. पण फायद्याची आशा नाही, रुग्णाला जुलाब-ॲलर्जीचा धोका आहे आणि जंतू औषधाला निर्ढावण्याचं संकट सगळ्या समाजावर आहे, हे तिन्ही एकत्र ठेवलं की निर्णय कठीण राहत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली हाच निर्णय दिला : दात तिथल्या तिथे उपचार करण्याजोगा असेल आणि रुग्णाची प्रतिकारशक्ती ठीक असेल, तर अँटिबायोटिक देऊ नये. ताप, पसरणारी सूज, गिळायला त्रास असेल तर गोष्ट वेगळी, तिथे तातडीने औषध आणि बहुधा रुग्णालय लागतं.

अक्कलदाढ काढल्यानंतरच्या अँटिबायोटिकचा हिशेब याहून बोलका आहे. कॉक्रेन आढाव्यानुसार एक संसर्ग टाळण्यासाठी सुमारे १९ निरोगी माणसांना औषध द्यावं लागतं. म्हणजे १८ जण ते विनाकारण घेतात. 'संसर्गाचा धोका अमुक टक्क्यांनी घटतो' हे वाक्य ऐकून होणारा निर्णय आणि 'एकोणिसांत एकाला उपयोग' हे ऐकून होणारा निर्णय बरेचदा वेगळा असतो. दंतवैद्याने रुग्णाला दुसरं वाक्य सांगावं.

'दर सहा महिन्यांनी दात साफ करून घ्या' हा सल्ला आपण लहानपणापासून ऐकतो. ब्रिटनमध्ये त्याची कसोटी दोन मोठ्या चाचण्यांनी घेतली. एका चाचणीत १,८७७ जणांना तीन गटांत विभागलं : सहा महिन्यांनी स्केलिंग, वर्षाने स्केलिंग, आणि स्केलिंग नाहीच. तीन वर्षांनी हिरड्यांतून येणाऱ्या रक्तात फरक नव्हता. दुसऱ्या चाचणीत २,३७२ जणांच्या तपासणीचं अंतर बदललं. चार वर्षांनंतर सहा महिन्यांनी येणारे आणि ज्याच्या-त्याच्या धोक्यानुसार बोलावलेले यांच्या हिरड्यांत फरक पडला नाही.

इथे घाई करू नये. हे सारे नियमितपणे दंतवैद्याकडे जाणारे लोक होते, हिरड्यांचा गंभीर रोग असलेल्यांना स्केलिंगच्या चाचणीत घेतलंच नव्हतं. तंबाखू-गुटखा खाणारा, मधुमेह असलेला, आयुष्यात पहिल्यांदाच दवाखान्यात आलेला, दातांवर दगडासारखा थर बसलेला माणूस त्या चाचणीत नव्हता. त्याला स्केलिंगची गरज आहेच. चाचणीतून निघणारी योग्य शिकवण अशी की सगळ्यांना एकच तारीख देण्यापेक्षा प्रत्येकाचा धोका पाहून अंतर ठरवावं. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००४ सालीच हे सांगितलं होतं : मोठ्यांसाठी तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत, मुलांसाठी तीन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत.

याच्या उलट चूक फ्लॉसच्या बाबतीत झाली. २०१६ साली अमेरिकेत बातमी आली की फ्लॉसच्या उपयोगाचा पुरावा कमकुवत आहे, आणि अनेकांनी त्याचा अर्थ 'फ्लॉस निरुपयोगी' असा लावला. चाचण्या लहान होत्या, काही आठवड्यांच्या होत्या, लोकांना फ्लॉस नीट वापरता येत नव्हता. अशा चाचण्यांत फायदा ठळक दिसला नाही, तर फायदा नाही असं सिद्ध होत नाही. २०१९च्या आढाव्याने ब्रशसोबत फ्लॉस किंवा फटींचा छोटा ब्रश वापरल्याने हिरड्यांची सूज कमी होत असावी, असं कमी खात्रीने का होईना म्हटलं. खर्च थोडा, धोका जवळजवळ नाही, रुग्णाची तयारी आहे, तर एवढ्या पुराव्यावर सल्ला देणं योग्यच. दात कापण्याचा सल्ला एवढ्या पुराव्यावर देणं योग्य नाही. किती पुरावा पुरेसा हे उपचाराच्या किमतीवर आणि तो उलटवता येतो की नाही यावर ठरतं.

कमी कोरून जास्त टिकवणं

पुराव्याने दंतवैद्यकात सर्वांत मोठा बदल केला तो किडीच्या बाबतीत. किडलेला भाग शेवटच्या कणापर्यंत कोरायचा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण. पण खोल किडीत गराजवळचा मऊ भाग थोडा तसाच ठेवून वर घट्ट फिलिंग केलं, तर गर उघडा पडण्याचा धोका कमी होतो, हे चाचण्यांनी दाखवलं. अन्न तुटलेले जंतू आतमध्ये निष्प्रभ होतात.

स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल या दंतवैद्यांनी याच तत्त्वावर लहान मुलांच्या दुधाच्या दाढांवर काम केलं : ना इंजेक्शन, ना कोरणं, किडीवर सरळ तयार स्टीलची टोपी. सुरुवातीला अनेकांना हे मान्य होणं कठीण होतं. हॉल यांच्या जुन्या नोंदींवरून पुढे १३२ मुलांवर रीतसर चाचणी झाली, प्रत्येक मुलाची एक दाढ या पद्धतीने आणि एक नेहमीच्या फिलिंगने. दोन वर्षांनंतर गंभीर अपयश टोपीच्या बाजूला २ टक्के आणि फिलिंगच्या बाजूला १५ टक्के होतं. एका साध्या दवाखान्यातल्या निरीक्षणाला चाचणीने पक्कं केलं, आणि रडणाऱ्या मुलांसाठी एक सौम्य मार्ग मिळाला.

तरी पुढचं वाचन थांबवू नये. ब्रिटनमधल्या १,१४४ मुलांच्या नंतरच्या चाचणीत तीन धोरणांची तुलना झाली : नेहमीचं फिलिंग, कीड आत बंद करणं, आणि नुसता प्रतिबंध. तिन्ही गटांत पाचापैकी साधारण दोन मुलांना दातदुखी किंवा संसर्ग झालाच. कीड पडल्यावर कोणत्याही तऱ्हेने आपण बरेचदा उशिरा पोहोचतो. याच्या तुलनेत फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा पुरावा पाहा : ७० चाचण्या, ४२ हजारांहून अधिक मुलं, आणि किडीत सरासरी २४ टक्के घट. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइड टूथपेस्ट, कीड थांबवणारं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड आणि ग्लास आयोनोमर सिमेंट यांना जागा दिली. तिन्ही स्वस्त आहेत आणि तिन्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात वापरता येण्याजोगी आहेत.

आपल्या मातीतला पुरावा

परदेशी चाचणी इथे लागू पडते का, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायला हवा. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्याचा प्रयोग १९४५ साली अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्समध्ये सुरू झाला. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या ज्या गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे, दातांवर तपकिरी डाग आणि हाडांचे त्रास आहेत, तिथे तो प्रयोग नेणं घातक ठरेल. तिथली गरज पाण्यातलं फ्लोराइड काढण्याची आहे.

तोंडाच्या ज्या रोगाने आपली माणसं सर्वाधिक मरतात, त्या कर्करोगाच्या बाबतीत मात्र भारताने जगाला पुरावा दिला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन पाहणी केली. तीन जिल्ह्यांतल्या ३६ हजार तंबाखू सेवन करणाऱ्यांना तंबाखू सोडण्याचं मार्गदर्शन दिलं, तेव्हा तुलनेच्या गटापेक्षा तोंडातले पांढरे चट्टे कमी झाले. ही चिठ्ठीने गट पाडलेली चाचणी नव्हती, तरी तिचं मोल कमी होत नाही.

केरळमध्ये तिरुवनंतपुरमजवळ १३ पंचायतींमध्ये चाचणी झाली. सात पंचायतींत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन तोंडं तपासली. २००५ सालच्या निकालात सगळ्या लोकांचा एकत्र विचार करता मृत्यूतली घट खात्रीने सांगण्याइतकी नव्हती, पण तंबाखू-दारू घेणाऱ्यांत ती ३४ टक्के होती. पोटगटाचा निकाल सहसा सावधपणे घ्यावा. इथे तो विश्वसनीय वाटतो, कारण रोग मुख्यतः याच लोकांना होतो. तुलनेतल्या पंचायतींची संख्या फक्त १३ होती, ही मर्यादाही लक्षात ठेवावी.

आणि परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने अनेक दशकं चाललेला वाद मिटवला. तोंडाचा कर्करोग लहान असून मानेत गाठ लागत नसेल, तर मानेची शस्त्रक्रिया लगेच करावी की गाठ आल्यावर? अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांच्या ५०० रुग्णांच्या विश्लेषणात, लगेच शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. २०१५ साली हा निकाल प्रसिद्ध झाला. इथे मोजलं गेलं ते माणसाचं जगणं. जगभरच्या शल्यविशारदांना दिशा देणारा हा पुरावा मुंबईच्या वॉर्डात तयार झाला.

साधनंही आता आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००७ साली कॉक्रेन लायब्ररी देशात सर्वांना मोफत वाचता येईल अशी सोय केली. त्याच वर्षी सुरू झालेल्या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत २००९ पासून प्रत्येक चाचणी आधी नोंदवणं सक्तीचं आहे, म्हणजे गैरसोयीचे निकाल दडवले गेले तर ते कळू शकतं. तरी आपल्या दंत महाविद्यालयांत एमडीएसचा प्रत्येक विद्यार्थी वीस-तीस रुग्णांचा स्वतंत्र प्रबंध करतो, आणि तो बहुधा कपाटात जातो. दहा महाविद्यालयांनी एकच प्रश्न, एकच पद्धत आणि एकच नोंदवही ठरवली, तर तेवढ्याच कष्टांत देशाला उपयोगी उत्तर मिळेल. एवढा बदल करायला नवा पैसा फारसा लागत नाही, ठरवावं लागतं.

खुर्चीपाशी विचारायचे प्रश्न

दंतवैद्याने नवा उपचार, नवं यंत्र किंवा औषध कंपनीच्या प्रतिनिधीने ठेवलेलं पत्रक हाती घेताना काही प्रश्न न चुकता विचारावेत. तुलना कशाशी केली, नेहमीच्या चांगल्या उपचाराशी की काहीच न करण्याशी? माणसं किती होती आणि ती माझ्या रुग्णांसारखी आहेत का? रुग्णाला जाणवेल असं काही मोजलं, की फक्त मिलिमीटर? फरक प्रत्यक्षात केवढा आणि किती काळ टिकला? पैसा कोणी दिला? उत्तरं समाधानकारक नसतील तर नकार देणं हाही उपचाराचाच भाग आहे.

रुग्णानेही विचारावं, आणि विचारताना संकोच करू नये : 'डॉक्टर, हे आत्ताच केलं नाही तर काय होईल? थांबून पाहता येईल का? याहून कमी करण्याचा काही मार्ग आहे का?' पुराव्यावर काम करणाऱ्या दंतवैद्याला या प्रश्नांचा राग येत नाही, तो बसून उत्तर देतो. अनुभवी हात, तपासलेला पुरावा आणि रुग्णाचं मत या तिघांना निर्णयात जागा मिळायला हवी. निरोगी इनॅमल पुन्हा उगवत नाही, म्हणून कोरण्याच्या बाजूने पुरावा देण्याचं ओझं नेहमी कोरणाऱ्यावर असावं. दंत महाविद्यालयांनी पहिल्या वर्षापासून हे शिकवावं आणि प्रत्येक दवाखान्याने ते पाळावं.